मागील पानावरून पुढे

हल्ली आपल्या वस्त्यांतून फिल्म तयार करणाऱ्या तरुणांची संख्या वाढली आहे. पूर्वी जयंतीला नाटिका बसवत, जलसे होत. आता पोरे मोबाईलवर वीस-पंचवीस मिनिटांची फिल्म काढतात आणि जयंतीच्या सप्ताहात पडदा लावून सर्वांना दाखवतात. पोरांना कामधंदा नाही म्हणून हे सुचते, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. पण या फिल्मा पाहताना एक उणीव वारंवार जाणवते, म्हणून आजचा लेख.

अशीच एक फिल्म आमच्याकडे दाखवली गेली. धुणीभांडी करणाऱ्या आईची गोष्ट होती. काम करताना तिचा हात कापतो, मालकीण त्या दिवसाचे पैसे कापते, आणि रात्री आई मुलीच्या फीचे पैसे मोजत बसते. विषय आपल्या घरातला, काम उत्तम. पण मालकिणीच्या घरून निघताना पट्टी उजव्या हाताला होती, ती घरी पोहोचेपर्यंत डाव्या हाताला गेली. पुढच्या रांगेतली पोरे फिसकन हसली, मग मागचेही हसले. पैसे मोजण्याचा तो सगळा प्रसंग हसण्यात वाहून गेला. आईचे काम करणाऱ्या ताई खरोखरच चार घरची कामे करतात. त्यांनी फिल्मसाठी चार रविवार दिले होते. त्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. लोक पट्टीला हसले, त्यांना नाही, हे त्यांना त्या क्षणी कोणी समजावायचे?

नंतर कळले की बारावीतल्या एका मुलीच्या ही गोष्ट शूटिंगच्या वेळीच लक्षात आली होती. तिने सांगितलेही. त्यावर आमचे दिग्दर्शक म्हणाले, "कोण बघतंय गं एवढं?"

बंधू-भगिनींनो, सगळे बघतात. प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतेच. सिनेमावाले याला कन्टिन्युइटी म्हणतात. मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, मला ती वहीच्या भाषेत कळते. जमाखर्चाच्या पानाच्या तळाशी आपण बेरीज करून 'पुढे नेले' असे लिहितो आणि नव्या पानाच्या डोक्यावर तोच आकडा 'मागील पानावरून' म्हणून घेतो. दोन आकडे जुळले नाहीत तर पुढचा सगळा हिशेब खोटा. फिल्मचेही तेच. एक शॉट संपताना पट्टी, पदर, टिकली, चहाच्या कपातला चहा, भिंतीवरचे घड्याळ जसे असेल, तसेच पुढचा शॉट सुरू होताना हवे. मात्र फिल्ममध्ये पाने क्रमाने लिहिली जात नाहीत, ही खरी अडचण. पान तिसरे आज, पान चौथे महिन्याने, आणि पान पहिले सर्वांत शेवटी. जागा मिळेल तसे, माणसे मोकळी होतील तसे शूटिंग होते.

मोठ्या कंपन्या सलग तारखा घेतात. कामगारांच्या फिल्मला सुट्टीच्या दिवसावर जगावे लागते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण घ्या. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली तेथे 'मालेगाव के शोले' काढला. पुढे सुपरमॅन काढला, तेव्हा शफिक शेख हे यंत्रमागावर काम करणारे सडपातळ कामगार सुपरमॅन झाले. त्या शूटिंगवर फैझा अहमद खान यांनी 2008 साली माहितीपट केला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. मला त्यात एक हिकमत दिसते. सुपरमॅनचा पोशाख एकच. शूटिंग कितीही लांबले तरी नायक त्याच कपड्यांत. ज्यांच्याकडे कपडेपट नाही, त्यांनी गोष्टच अशी निवडावी की पात्राला एका जोडीवर भागेल. गणवेशातला सफाई कामगार, कंपनीतला वॉचमन, शाळेची मुलगी ही पात्रे या दृष्टीने स्वस्त पडतात.

तरीही अडचण येतेच, अगदी मोठ्यांनाही. सत्यजित राय यांनी 1952 साली 'पथेर पांचाली'चे शूटिंग सुरू केले तेव्हा ते जाहिरात कंपनीत नोकरी करीत होते आणि सुट्टीच्या दिवशी शूटिंग करीत. पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतात बहीण-भाऊ आगगाडी पाहायला जातात, तो प्रसंग अर्धा झाला. पुढच्या खेपेला गेले तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले! राय यांनी दुसऱ्या वर्षी तुरे येईपर्यंत वाट पाहिली. मिठाईवाल्याचे काम करणारे गृहस्थ मध्येच वारले. तेव्हा तशाच अंगलटीचा दुसरा माणूस घेऊन त्याला पाठमोरे दाखवले. कुत्राही बदलावा लागला. चित्रपट 1955 साली लागला. ज्यांना हे माहीत नाही, त्यांना आजही यातले काही दिसत नाही.

पाठमोरे दाखवण्याची ही युक्ती आपल्याही कामाची आहे. ताईंच्या पट्टीचा घोटाळा लक्षात आल्यावर ताईंना पुन्हा एक रविवार मागण्याची गरज नव्हती. दोन्ही शॉटच्या मध्ये मुलीचा चेहरा, चुलीवरचे उतू जाणारे दूध किंवा दारातली चप्पल दाखवून उडी झाकता आली असती, आणि पैसे मोजताना फक्त चेहरा घेता आला असता. म्हणून प्रत्येक ठिकाणी असे दोन-चार जादा शॉट काढून ठेवावेत. पैसा लागत नाही.

उजेडाकडे मात्र आपली पोरे अजिबात लक्ष देत नाहीत. आपल्या मराठवाड्यातले ऊन लबाड आहे. सकाळी नऊची सावली लांब, बाराची पायाखाली. एकाच भांडणातले अर्धे संवाद सकाळी आणि अर्धे दुपारी घेतले तर भांडण तीन तास चालल्यासारखे दिसते. त्यात मोबाईल आपल्या मनाने उजेड कमीजास्त करतो. पुष्कळ मोबाईलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले की उजेड आणि फोकस पक्का होतो, तो करून घ्यावा. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कॅमेरा तसूभर न हलवता थोडे थोडे चित्रण ते दिवसेंदिवस करीत राहिले. तो हलला असता तर रोप वाढण्याऐवजी नाचताना दिसले असते.

आणखी एक घरगुती गोष्ट. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पहिल्या रविवारी घरातले टिपाड काठोकाठ, दुसऱ्या रविवारी तळाला. फिल्मचा विषयच पाण्याची टंचाई असेल आणि आईच्या मागे भरलेले टिपाड दिसत असेल, तर पोरांनी कितीही भाषण लिहिले तरी काय उपयोग?

दिशेचेही भान हवे. सासरी निघालेली मुलगी पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालली, तर पुढच्या शॉटमध्येही डावीकडेच गेली पाहिजे. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे नेला की ती माहेरी परत निघाल्यासारखी दिसते. दोघे बोलत असतील तर त्यांच्यामध्ये दोरी ताणली आहे असे समजून कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला ठेवावा. अजिंठ्याला गेलात तर सतरा नंबरच्या लेण्यात वेस्संतर जातकाचे चित्र पाहा. एकच राजपुत्र वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा येतो. रंग, दागिने आणि सोबतची माणसे यांवरून आपण त्याला लगेच ओळखतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांना हे भान होते.

आता वहीविषयी. शंभर पानी साधी वही पुरे. प्रत्येक शॉटला एक ओळ: तारीख, वेळ, कोण कोठे उभे, कोणत्या हातात काय, कपडे, केस, दार उघडे की बंद, पंखा चालू की बंद. शॉट संपल्यावर कोणी हलण्याआधी एक फोटो काढावा आणि त्याचा नंबर वहीत लिहावा. वही ज्याच्याकडे किंवा जिच्याकडे असेल, त्या व्यक्तीला दुसरे काम देऊ नये. चहा आणायला तर मुळीच पाठवू नये. आणि तिने "थांबा" म्हटले की दिग्दर्शकाने थांबावे, हे पहिल्या दिवशीच सर्वांसमोर ठरवून घ्यावे. त्या बारावीतल्या मुलीकडे आता पुढच्या फिल्मची वही दिली आहे. तिने पहिल्या पानावर सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत, दिग्दर्शकाचीसुद्धा.