उधारीवरचा रविवार

रविवारी सकाळी चिंचोटीच्या नाक्यावर उभे राहिले की दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही तुंगारेश्वराच्या डोंगराकडे निघालेली, तर काही डबा घेऊन कामण-भिवंडी रस्त्यावरच्या गोदामांकडे. परवा दुसऱ्या घोळक्यात आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा भेटला. तो एका गोदामात सुपरवायझर आहे.

"आज रे कसला कामाला?"

"माल आलाय, काका. कॉम्प ऑफ मिळेल."

"आधीचे किती राहिलेत?"

तो ओशाळून हसला. "अकरा."

मला २०१६ सालचा नोव्हेंबर आठवला. ८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि १२ व १३ तारखेला, म्हणजे दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी, देशभर बँका उघड्या राहिल्या. आमच्या शाखेत कारकुनांनी ओव्हरटाइम लिहिला. आम्हा अधिकाऱ्यांना 'बदली सुट्टी घ्या' असे सांगण्यात आले. ती घेण्याचा दिवस काही उगवला नाही. मी निवृत्त झालो, आणि त्या सुट्ट्या हजेरीच्या वहीतच राहिल्या.

या देशात रविवार फुकट मिळालेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने म्हटले की साप्ताहिक सुट्टी बुडाली, तर ती त्याच महिन्यात किंवा त्यापुढच्या दोन महिन्यांत भरून द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही हीच मुदत आहे, आणि जादा तासांना दुप्पट वेतन आहे.

मग अकरा सुट्ट्या थकतात कशा? मेख 'कामगार' या शब्दात आहे. व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा महिना अठरा हजारांहून अधिक पगार घेणारा सुपरवायझर या व्याख्येत बसत नाही. पोराला बढती मिळाली म्हणून घरी पेढे वाटले गेले. त्याच पेढ्यांबरोबर त्याचा ओव्हरटाइम आणि सुट्टीचा कायदेशीर हक्कही गेला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मालकाची बाजूही आहे. दिवाळीच्या तोंडावर ट्रक दारात उभा असताना 'आज रविवार' म्हणून चालत नाही. बदली सुट्टी ही तडजोड म्हणून वाईट नाही. पण बँकेत आम्ही नव्वद दिवस हप्ता न आलेले कर्ज थकीत धरत असू. माणसाच्या वेळेलाच तेवढी मुदत नको? नियुक्तिपत्रात दोन ओळी पुरेत: बदली सुट्टी तीन महिन्यांत दिली जाईल, न दिल्यास तिचे पैसे मिळतील. नोकरी लागताना आपण पगार विचारतो, हेही विचारायला शिकले पाहिजे.

आणि दिली तरी ती मंगळवारी मिळणार. मुले शाळेत, बायको कामावर. रिकाम्या घरात माणूस एकटा. लोखंडे यांनी मिळवला तो सगळ्यांचा मिळून एक दिवस होता.

नाक्यावर रिक्षा आली. जाता जाता पोरगा म्हणाला, "काका, आज धाकटीचा वाढदिवस आहे. संध्याकाळी या."

मी गेलो. केक साडेनऊला कापला. धाकटी तोवर झोपून गेली होती.