मिल हाऊसमधली पाणबुडी

बॉयलर पेटतो, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. पुढे काय घडते ते श्रीरामपूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. बगॅस जळून पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाईन फिरते, टर्बाईनचे मिनिटाला हजारो फेरे गिअरबॉक्स चार-पाचांवर आणतो आणि त्या संथ, दमदार गतीने रोलर ऊस पिळतात. आता कित्येक कारखान्यांत मिलला विजेची मोटर आली, तरी गिअरबॉक्स काही सुटलेला नाही. ‘अरिहंत’ या आपल्या अणुपाणबुडीच्या पोटातही हीच साखळी आहे. बगॅसच्या जागी युरेनियम आणि रोलरच्या जागी पंखा, एवढा बदल करून पाहा.

बगॅस जळायला हवा लागते, युरेनियमच्या अणुविभाजनाला लागत नाही. पाणबुडीच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी उडी या एका फरकात आहे. त्याआधीच्या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालत. बॅटरी उतरली की डिझेल इंजिनासाठी हवा घ्यायला त्यांना वर यावेच लागे आणि शत्रूला त्या तिथेच सापडत. 8 डिसेंबर 1967 रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात आपल्या नौदलात आलेली पहिली ‘कलवरी’ याच जातीची. त्याच्या जवळजवळ तेरा वर्षे आधी, 17 जानेवारी 1955 रोजी, अमेरिकेची ‘नॉटिलस’ अणुशक्तीवर समुद्रात निघाली होती. 1958 च्या ऑगस्टमध्ये ती उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार झाली. पण वेग वाढला की तिचा सांगाडा इतका थरथरे, की त्या आवाजात तिच्या स्वतःच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून वेध घेणाऱ्या यंत्रणेला, काही ऐकू येत नसे. हवेचा प्रश्न सुटला आणि आवाजाचा पुढे आला. गिअरबॉक्सही आवाज करतो, म्हणून पाणबुडीत दातेरी चाक नुसते मजबूत असून भागत नाही. दाताला दात इतका नेमका बसावा लागतो, की चाक फिरताना गप्प राहील. हे काम लेथवर, गिअर कापण्याच्या मशीनवर, माणसाच्या हातून आणि नजरेतून उतरते.

आणि ‘अरिहंत’च्या बाबतीत ते हात आपल्या ओळखीचे आहेत. तिच्या अणुभट्टीला जोडलेल्या वाफेच्या टर्बाईनच्या यंत्रणा इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुरवल्या. ऊसशेती आणि साखर कारखान्याभोवती वसलेले हे गाव. साखर कारखान्यांची यंत्रे घडवता घडवता तिथली माणसे नौदलाच्या जहाजांच्या गिअरबॉक्सपर्यंत पोचली. ज्यांच्या नावाचे हे गाव, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1941 साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभा करायला घेतला. 1953 मध्ये ते गेले, तेव्हा ‘नॉटिलस’ पाण्यात उतरायला अजून काही महिने होते. त्याच विशाखापट्टणमला 26 जुलै 2009 रोजी ‘अरिहंत’ पाण्यात उतरली.

‘अरिहंत’ची गोष्ट सांगताना आपण शास्त्रज्ञांची नावे घेतो, नौदलाची घेतो. ती घ्यावीतच. मिल फिटर आणि टर्नर मात्र त्या गोष्टीत कुठे येत नाहीत, आणि याची खंत साखरपट्ट्यालाच वाटायला हवी. आपल्याकडे कारखान्याची चर्चा म्हणजे उसाचा भाव, कर्ज, निवडणूक. भावावर बोललेच पाहिजे, घरे त्यावर चालतात. पण हरेगावची बेलापूर कंपनी, 1933 सालची टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स, मग अशोकनगर आणि पलीकडे प्रवरानगर, अशा कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये तीन-तीन पिढ्या वाफेवर आणि लोखंडावर शिकल्या. बेअरिंग बिघडले की कानाने ओळखणारी माणसे याच गावांत निवृत्त होऊन बसली आहेत. त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेतलेले नाही.

श्रीरामपूर तालुक्यातल्या शाळांनी आणि आयटीआयने एक करावे. नववी-दहावीची मुले कारखान्यात न्यावीत, पण हंगामात नव्हे. तेव्हा धूर, गडबड आणि गरम रसाचा वास तेवढा लक्षात राहतो. पावसाळ्यात न्यावीत, ओव्हरहॉलिंग चालू असताना. बरोबर एखादा जुना मिल फिटर असावा आणि बोलणे त्यालाच करू द्यावे. त्या दिवसांत गिअरबॉक्सचे झाकण उघडलेले असते आणि मोठ्या चाकाचे दात, तेल पुसून, एकेक करून तपासता येतात.