मुलाला हेडफोन घेऊन देताना

गेल्या महिन्यात पुण्याहून एका भगिनीचे पत्र आले. त्या घरी शिवणकाम करतात. मुलगा बारावीत आहे. अभ्यास आटोपला की तो मित्रांबरोबर संगणकावर गेम खेळतो आणि झोपण्यापूर्वी गाणी, कव्वाल्या ऐकतो. आता त्याला सहा हजारांचा गेमिंग हेडसेट हवा आहे. "अम्मी, साध्या हेडफोनमध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज कळत नाही," असे तो म्हणतो. भगिनी विचारतात, "एवढे पैसे घालायलाच हवेत का? गाणी आणि गेम दोन्हीला चालेल असे स्वस्तातले काही मिळत नाही का?" पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता त्यांनी लिहिले आहे, "हल्ली गेम बंद केल्यावरही कानात शिट्टी वाजते म्हणतो."

या शेवटच्या ओळीकडे आम्ही परत येऊच. आधी खरेदीचे पाहू.

मुलगा खोटे बोलत नाही. पुष्कळशा स्वस्त हेडफोनमध्ये बेस मुद्दाम वाढवलेला असतो. दुकानात दोन मिनिटे ऐकले की तो धमधमाट छान वाटतो. पण त्या धमधमाटाखाली पावलांसारखे बारीक आवाज दबून जातात. ते ऐकू यावेत म्हणून मुलगा आवाज वाढवतो, तसा बेसही वाढतो. कव्वालीतही हेच होते. ढोलक कानावर आदळते आणि टाळ्या, हार्मोनियम, मागच्या साथीदारांचे आवाज हरवतात. म्हणून जे हेडफोन सगळे आवाज समतोल ऐकवतात, ते गाण्यालाही चांगले आणि गेमलाही. दोन वेगळ्या वस्तू घेण्याची गरज नाही.

मग सहा हजार कशाचे? काही भाग रंगीत दिव्यांचा, काही मायक्रोफोनचा आणि काही "७.१ सराउंड" या शब्दांचा. अशा बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो. चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास सॉफ्टवेअर निर्माण करते. विंडोज १० आणि ११ मध्ये "विंडोज सोनिक" नावाची तशीच सोय फुकट आहे. पेटीवरच्या "५० एमएम" या आकड्यालाही भुलू नये. चांगल्या बनावटीचा ४० एमएमचा स्पीकर वाईट बनावटीच्या ५० एमएमपेक्षा सरस ठरतो. आकडा पाहायचाच तर ओहमचा पाहावा. तो १६ ते ५०च्या दरम्यान असेल तर मोबाइल आणि लॅपटॉप, दोन्हींवर पुरेसा आवाज मिळतो. २५० ओहमच्या हेडफोनला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

ब्लूटूथ की तारेचे, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. गाण्यासाठी ब्लूटूथ चालेल. गेममध्ये मात्र साध्या ब्लूटूथवर आवाज पडद्यामागून पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका असू शकतो. शिवाय ब्लूटूथचा माइक चालू केला की कानातला आवाज बहुधा टेलिफोनसारखा होतो. तारेला हे दोन्ही दोष नाहीत आणि चार्जिंगची कटकटही नाही.

आकारात, कान पूर्ण झाकणारे आणि मागून बंद असलेले हेडफोन घ्यावेत. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची वाहने यांचा आवाज त्यांनी कमी होतो, त्यामुळे हळू आवाजातही स्पष्ट ऐकू येते. मागून उघडे हेडफोन मोकळे वाटतात, पण त्यांतला आवाज खोलीभर पसरतो. शेजारी धाकटी बहीण अभ्यासाला बसली असेल तर ते नकोच.

तारेचे साधे, समतोल हेडफोन दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतात. थोडे जास्त घालता आले तर ऑडिओ-टेक्निकाचे एम२०एक्स हे चांगले उदाहरण आहे. ४० एमएमचे स्पीकर, ४७ ओहम, तीन मीटर तार. दिवे नाहीत, माइकही नाही. मित्रांशी बोलण्यासाठी शर्टला लावायचा माइक दोन-तीनशे रुपयांत येतो. जोडणी मात्र आधी पाहून जावी. बऱ्याच लॅपटॉपवर हेडफोन आणि माइक यांना मिळून एकच भोक असते, तिथे दोन पिना एकत्र करणारी छोटी वायर लागते. जुन्या संगणकावर बहुधा हिरवे भोक हेडफोनचे आणि गुलाबी माइकचे असते. मोबाइलला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. त्याच्याच मोबाइलवर त्याला पाठ असलेली कव्वाली लावायला सांगा, आवाज निम्मा ठेवा. मुख्य गायक, टाळ्या आणि हार्मोनियम वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. हेडफोन दहा मिनिटे डोक्यावर राहू द्या. चश्मा असेल तर तो घालूनच. कानशिले दुखली तर ते हेडफोन परत ठेवा. कानावरच्या गाद्या बदलून मिळतात का, तेही विचारा. आपल्याकडच्या घामाने रेक्झीन लवकर सोलते.

आता ती शिट्टी. आमच्या मते साऱ्या पत्रात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि वारंवार तसे झाले की मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मापदंडानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ला २० तास, ८६ला १० आणि ८९ला फक्त ५. मुलगा रोज दोन तास खेळत असेल तर आठवड्याचे चौदा तास होतात. ८९ डेसिबलवर त्याची मर्यादा तिसऱ्या दिवशीच संपते.

घरात डेसिबल मोजायचे यंत्र नसते. हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे असे समजावे. आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी आणि तासाभराने कानांना दहा मिनिटे विश्रांती द्यावी.

पण या मुलाच्या बाबतीत एवढ्याने भागणार नाही. भगिनी, आपण आधी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. ऑडिओमेट्री नावाची तपासणी होते. ती दुखत नाही आणि सरकारी रुग्णालयांतही होते. कानात नुसता मळ असू शकतो किंवा पडद्यामागे सर्दी साचलेली असू शकते. दोन्हींवर उपाय आहे. आवाजाचा परिणाम असेल तर तो आत्ता कळलेला बरा. तपासणी होईपर्यंत हेडफोन बंद. मुलगा कुरकुर करील. त्याला सांगा की डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले की चांगले हेडफोन नक्की येणार आहेत, आणि ते दुकानात तोच निवडणार आहे.

तपासणीत काय निघाले, ते आम्हाला जरूर कळवा.