विश्लेषण : एकच आरोप, दोन चौकशा... संसदीय समिती आणि लोकपाल यांच्यात कामाची वाटणी कशी असावी?

प्रश्न विचारण्यासाठी पैसे आणि भेटवस्तू घेतल्याच्या आरोपावरून तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोइत्रा यांची ८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेतून हकालपट्टी झाली. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी सातत्याने फेटाळला आहे. २०२४ च्या निवडणुकीत कृष्णनगरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. आरोप खरा की खोटा, याचा निवाडा मात्र २०२५ संपतानाही न्यायालयात झालेला नव्हता.

एक तक्रार, दोन दारे

भाजपचे खासदार निशिकांत दुबे यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आधी लोकसभा अध्यक्षांकडे आणि काही दिवसांतच लोकपालाकडे तक्रार केली. अध्यक्षांनी ती लोकसभेच्या नैतिकता समितीकडे सोपवली. समितीने काही आठवड्यांतच ६ विरुद्ध ४ मतांनी अहवाल मंजूर केला. हकालपट्टीची शिफारस करतानाच, पैशांच्या व्यवहाराची केंद्र सरकारने कालबद्ध चौकशी करावी, असेही त्यात होते. म्हणजे शिक्षा आधी आणि पैशांचा माग नंतर!

दुसरीकडे लोकपालाच्या आदेशावरून सीबीआयने मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकपालाने आरोपपत्र दाखल करण्यास मंजुरी दिली, पण पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरविचार करण्यास सांगितले.

कायदा काय सांगतो?

लोकपाल कायदा, २०१३ च्या कलम १४ नुसार खासदार लोकपालाच्या कक्षेत येतात. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५(२) चे संरक्षण असलेले सभागृहातील भाषण आणि मतदान या कक्षेबाहेर आहे. लोकपालाकडे तक्रार झालेले प्रकरण चौकशी आयोगाकडे पाठवता येत नाही, अशीही तरतूद याच कलमात आहे. दुहेरी काम टाळण्याचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात होता, हे यावरून दिसते. संसदीय समितीबाबत मात्र कलम १५ एवढेच म्हणते, की लोकपालाची चौकशी सुरू होण्याआधी समितीपुढे असलेले प्रकरण तिथेच पुढे चालू राहील. साक्षी कोणी नोंदवायच्या, कागदपत्रे एकमेकांना कशी द्यायची, कोणी कोणासाठी थांबायचे, याबद्दल त्यात काहीच नाही.

दोन निकाल चालतील, पण दोनदा तपास?

सीता सोरेन प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लाचखोरीला विशेषाधिकाराचे कवच नाही, असा निर्वाळा दिला. लाचेच्या आरोपावर सभागृह आणि न्यायालय दोघांनाही समांतर अधिकार असल्याचेही सांगितले. ते योग्यच आहे. सभागृह सदस्याची लायकी तपासते, तर न्यायालय गुन्हा तपासते. पण बँक खाती, ईमेल, साक्षीदार दोघांसाठी तेच असतात. ते शोधण्याची यंत्रणा समितीकडे नाही. शिवाय पक्षीय मतविभागणीतून आलेला अहवाल पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यात जळगाव जिल्ह्यातील दोन होते. वाहिनीवर चित्रफीत दाखवल्यानंतर अकरा दिवसांत निकाल लागला. त्या वेळी पुरावा कॅमेऱ्यात होता. २०२३ मध्ये तो शोधायचा होता. जुना वेग नव्या प्रकरणाला लावण्यात घाई झाली.

ब्रिटनमध्ये काय केले?

१९९४ मध्ये ब्रिटनमध्येही पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे प्रकरण गाजले. त्यानंतर १९९५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने स्वतंत्र आयुक्ताचे पद निर्माण केले. तपास आयुक्त करतो आणि गंभीर प्रकरणात त्याच्या अहवालावर समिती शिफारस करते. समितीत खासदारांच्या बरोबरीने सात बिगरखासदार सदस्य आहेत. पोलिसांचा तपास सुरू असेल, तर आयुक्त सहसा आपले काम थांबवतो.

आपल्याकडे हे जमेल?

थांबण्यात धोकाही आहे. लोकपालाचा तपास लांबला तर लोकसभेची मुदतच संपेल आणि समितीचे काम अर्धवट राहील. त्यामुळे नुसते ‘आधी लोकपाल’ म्हणून भागणार नाही. लोकपालाने प्राथमिक चौकशीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत समितीला द्यावा, तोवर समितीने शिस्तभंगापुरतेच पाहावे आणि हकालपट्टीसारखी टोकाची शिक्षा त्या अहवालानंतरच सुचवावी, ही व्यवस्था शक्य आहे. मोइत्रा यांनी संसदेच्या पोर्टलचा लॉगिन-पासवर्ड दुसऱ्याला दिल्याचे मान्य केले होते. तो शिस्तीचा विषय होता आणि त्यावर समिती लगेच निर्णय देऊ शकली असती.

समितीने काय करायचे, हे ठरवण्यासाठी लोकसभेच्या कामकाज नियमांत बदल पुरेसा आहे. लोकपालाला मुदत बांधायची तर कायद्यातच दुरुस्ती लागेल. त्याआधीचे साधे कामही बाकी आहे. राज्यसभेची १४ कलमी आचारसंहिता आहे, लोकसभेच्या नियमांत मात्र ‘अनैतिक वर्तन’ म्हणजे काय, याची व्याख्याच नाही.