तीस दिवसांत हिशेब द्या

ठाण्याचे पोलीस आयुक्त, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांचे आयुक्त आणि मंत्रालयातला गृह विभाग यांनी हे नीट वाचावे. विनंत्या-अर्जांची भाषा बाजूला ठेवून, मुदत घालून हा इशारा देत आहोत.

मागणी साधी आहे. तुम्ही आमच्यावर नजर ठेवता ती किती वेळा, कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या सहीने, ते जाहीर करा. नावे नकोत, चालू तपासाचे तपशील नकोत. आकडे हवेत आणि सही करणाऱ्याचे पद हवे.

हे ठाण्यातूनच मागायचे, कारण लोकांच्या फोनच्या नोंदींचा बाजार ठाण्यातच उघडकीला आला. जानेवारी 2018 मध्ये ठाणे गुन्हे शाखेने खासगी गुप्तहेरांना पकडले. लोकांचे सीडीआर, म्हणजे मोबाइलवरच्या कॉलची जंत्री, पैसे घेऊन विकली जात होती. पुढे यवतमाळ पोलीस दलातला एक शिपाईही पकडला गेला. खाकीतल्या माणसापर्यंत धागा पोचला, तो ठाणे पोलिसांनीच पोचवला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण याच तपासात एका वकिलाला अटक झाली आणि मार्च 2018 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना तत्काळ सोडायला लावले, कारण अटकेची कायद्याने घालून दिलेली रीत पाळली गेली नव्हती. चोर पकडणाऱ्यालाही वेसण लागते ती यासाठी.

सीडीआरमध्ये असते काय? बोलणे नसते. कोणाला फोन लावला, किती वाजता, किती सेकंद, हँडसेट कोणता आणि फोन कोणत्या टॉवरखाली होता, एवढेच रकाने. डोंबिवलीतल्या एखाद्या बाईंचा तसा कागद डोळ्यांसमोर आणा. सकाळी डोंबिवली पूर्वेचा टॉवर, मग ठाणे, मग दादर. महिन्यातून तीन मंगळवार मात्र परळचा, टाटा हॉस्पिटलच्या बाजूचा. त्याच दिवशी संध्याकाळी बहिणीला चाळीस मिनिटे फोन. घरच्यांना अजून न सांगितलेला आजार त्या कागदावरून परक्या माणसाला कळतो. ‘काही लपवायचे नसेल तर घाबरता कशाला’ असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याने आधी स्वतःचा सीडीआर पोलीस ठाण्याच्या फलकावर लावावा.

भाजप नेते अरुण जेटली यांचे सीडीआर बेकायदा मिळवल्याचा गदारोळ झाला, त्यानंतर 2013 साली केंद्राने नियम कडक केले. अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच सीडीआर मागवायचा आणि दर महिन्याला त्याची माहिती जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यायची. म्हणजे आम्ही मागतो तो आकडा नव्याने काढायचा नाही. नियम पाळला असेल तर तो फायलीत असलाच पाहिजे. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा सगळा आयुक्तालयाचा मुलूख, आणि आयुक्तालयात दंडाधिकाऱ्याचे कितीतरी अधिकार पोलीस आयुक्तांच्याच हाती असतात. मग इथे हिशेब कोण कोणाला देतो? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

फोन टॅपिंगची गोष्ट आणखी गंभीर. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये त्यावर बंधने घातली. डिसेंबर 2024 च्या नव्या नियमांतही राज्यात गृह सचिवांचा आदेश लागतो. तो एका वेळी 60 दिवसांचा आणि वाढवत नेला तरी 180 दिवसांपुढे नाही. आदेश तपासणारी समिती मुख्य सचिवांची, सदस्यही सचिवच. न्यायाधीश नाही, विरोधी बाकांवरचा आमदार नाही. सही करणाऱ्याला तपासायला शेजारच्या केबिनमधला सहकारी! काँग्रेस नेते नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितले की त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाने टॅप झाला. टॅपिंगच्या अशाच आरोपांवरून आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात आणि कुलाब्यात गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर 2023 मध्ये हायकोर्टाने ते रद्द केले, कारण एका प्रकरणात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता आणि दुसऱ्यात सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली होती. निकाल शिरसावंद्य. पण खोट्या नावांचा आरोप खरा की खोटा, हे पुराव्यानिशी कोर्टात कधी तपासलेच गेले नाही. सरकार बदलले की आरोप उगवतो, पुन्हा बदलले की मावळतो, आणि टॅपिंगची यंत्रणा मात्र तशीच चालू राहते.

याच हायकोर्टाने ऑक्टोबर 2019 मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश बेकायदा ठरवून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले होते. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नाही, तर फोन ऐकता येणार नाही, मग संशयित कोणीही असो.

कॅमेऱ्यांना आमचा विरोध नाही. मंगळसूत्र खेचून पळणारा त्यांच्यामुळे सापडत असेल तर ते राहोत. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवली 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली, चौकाचौकात खांब उभे राहिले, आणि चित्रण किती दिवस ठेवतात, ते कोण पाहते, चेहरे ओळखणारी प्रणाली त्याला जोडली आहे का, हे विचारायला कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 नंतर पाच वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकच ठराव मांडणार, प्रशासकच मंजूर करणार. त्या काळातला कॅमेऱ्यांचा प्रत्येक करार आता लोकांसमोर यायला हवा.

आमच्या हाती काय आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी पालघर आठवावे. नोव्हेंबर 2012 मध्ये, पालघर ठाणे जिल्ह्यातच होते तेव्हा, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी एक मुलगी आणि त्याला लाइक करणारी दुसरी, दोघींना अटक झाली. त्यानंतर ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले. दिल्लीच्या एका विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्ट गाठले आणि 24 मार्च 2015 रोजी अशा अटकांना वाट देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ देशभरातून गेले.

आजपासून तीस दिवस. माहिती अधिकारात याच मागणीसाठी केलेल्या अर्जालाही कायदा तेवढेच देतो. गेल्या पाच वर्षांत मागवलेल्या सीडीआरचे महिनावार आकडे, राज्यात निघालेल्या टॅपिंगच्या आदेशांची वर्षवार संख्या, त्यातले समितीने रद्द केलेले किती, आणि कॅमेऱ्यांचे करार व चित्रणाबाबतचे नियम हे सगळे तुमच्या संकेतस्थळांवर मराठीत यावे. ‘तपासाला बाधा येईल’ ही सबब चालणार नाही. संख्या सांगितल्याने कोणता गुन्हेगार निसटतो ते लेखी कळवा.

एकतिसाव्या दिवशी पहिले अपील दाखल होईल, त्यानंतर राज्य माहिती आयोग आणि हायकोर्टात जनहित याचिका. उत्तरादाखल ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहून पाठवायचे असेल तर खुशाल पाठवा. ते पत्र याचिकेला पहिले परिशिष्ट म्हणून जोडले जाईल.