पेन्शन आणि सातबारा

युद्धात जवान पडला की गावोगाव श्रद्धांजलीच्या सभा होतात. त्याच्या मालमत्तेचा निवाडा मात्र तलाठ्याच्या चावडीत मुकाट्याने होतो. धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात हा निवाडा मुख्यतः जमिनीचा असतो.

जवानाच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची व्यवस्था १९५० च्या खास कायद्यान्वये लष्कर लावते. जमिनीचे तसे नाही. वडिलोपार्जित शेतीतील त्याच्या हिश्शाला हिंदू कुटुंबांत १९५६ चा वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि आई हे समान वारस ठरतात. ते असताना बाप वा भाऊ यांना हक्क पोचत नाही. पुढे पुनर्विवाह केला तरी विधवेला एकदा मिळालेला वाटा जात नाही.

तरीही 'पेन्शन तुला, जमीन आम्हांला' ही भाषा सुरू होते आणि हक्कसोडपत्र पुढे सरकते. हा सौदाच खोटा आहे. पेन्शन हे शासनाचे देणे आहे, वारसा नव्हे. ते उत्पन्न आहे, मालकी नव्हे. एकाच्या बदल्यात दुसरे मागता येत नाही.

शासनाची दृष्टी तरी कुठे निर्मळ होती? पुनर्विवाह करणाऱ्या वीरपत्नीचा शौर्यपदकाचा भत्ता, तिने दिराशीच लग्न केले तरच चालू राही. ही अट २०१७ साली गेली. तिच्यामागची वृत्ती गेलेली नाही.

वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. हार घालून परतणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या मुदतीत चावडीची पायरी चढावी आणि फेरफारात विधवेचे व मुलींचे नाव आहे की नाही, ते पाहावे.