जिनिंगची इमारत पाडण्याआधी
यवतमाळ-कारंजा-मूर्तिजापूर हा शकुंतला रेल्वेचा अरुंद लोहमार्ग टाकला गेला तो कापसासाठी. त्या व्यापाराची खूण वऱ्हाडातल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या इमारती. त्यांच्या जागांवर घरे जरूर व्हावीत, पण त्या इमारती पुसून नव्हे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली आणि तिच्या जमिनीवर मॉल व सदनिका आल्या. पिढ्यान्‌पिढ्या कामगारांनी जिथे घाम गाळला, ती मिल नावापुरती उरली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम २२ विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाला जागा देते. कारंजा आणि वाशिमच्या नगर परिषदांनी या जागांवरचे लेआउट मंजूर करण्यापूर्वी अशा इमारतींची यादी करावी. प्रेसिंगची एखादी इमारत अभ्यासिका होऊ शकते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना ती हवीच आहे.